चालणारा रॉबी रोबॉट घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक २७ सेंटीमीटरचा रॉबी बनवला, म्हणजे सुट्टीत सुरू केला आणि संपला थेट होळीला. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस, ऑफिसातली मंडळी, भाच्याचे मित्र आणि त्या मित्रांचे बाबा असे सगळे तेच तेच प्रश्न विचारतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हे वाचायला देईन आणि चहा ठेवायला उठेन.

हा रॉबी नक्की कोण?

१९५६ साली एमजीएम ह्या हॉलिवूडच्या स्टुडिओचा ‘फॉरबिडन प्लॅनेट’ नावाचा सिनेमा आला, त्यातला रोबॉट. काळपट अंग, पोट पिंपासारखं, पाय म्हणजे एकावर एक ठेवलेले गोळे, हाताला तीन बोटं, आणि डोकं म्हणजे पारदर्शक घुमट ज्याच्या आत काहीबाही सतत टकटक हलत असतं. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव एखाद्या नव्या नटासारखं दाखवलंय. आत शिरून त्याला चालवायचा तो फ्रँकी डॅरो आणि आवाज दिला होता मार्विन मिलरने, म्हणजे अंग एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, आपल्याकडच्या पार्श्वगायनासारखंच. त्याचं डिझाईन बऱ्याच जणांच्या हातून गेलं, पण ते प्रत्यक्षात उतरवण्यात रॉबर्ट किनोशिता हे नाव मोठं.

पोस्टरवर तो बेशुद्ध बाई उचलून नेणारा राक्षस दिसतो, पण सिनेमात मात्र एकदम सालस आहे, स्वयंपाक करतो, कपडे शिवतो, आणि अंतराळयानावरच्या आचाऱ्याला मागेल तेवढी दारूसुद्धा बनवून देतो.

इतके रोबॉट असताना हाच का?

दोन कारणं. एक, मला आवडतो. दुसरं जरा कामाचं आहे: हा मुळातच पाय घासत, डुलत, छोटी छोटी पावलं टाकत चालतो, कारण त्या सूटमध्ये माणसाला गुडघा नीट वाकवताच येत नसणार. त्यामुळे आपलं खेळणं फरफटत चाललं तरी ते ‘चुकीचं’ दिसत नाही, उलट बरोब्बर रॉबीसारखं दिसतं. माणसासारखं ऐटीत चालणारा रोबॉट निवडलात तर पहिल्या महिन्यातच नाद सोडाल. शिवाय पाय जाडजूड आहेत, आत सामान मावतं, ह्याचं महत्त्व पुढे कळेल.

मूळ रॉबी किती मोठा होता? माप काय धरायचं?

मूळ साधारण ७ फूट. मी एकास आठ धरलं, म्हणजे २७ सेंटीमीटरच्या आसपास. ह्याहून लहान केलात तर पायात मोटर आणि सेल बसवताना बोटं वळत नाहीत, आणि ह्याहून मोठा केलात तर वजन इतकं भराभर वाढतं की छोटी मोटर रडायला लागते (उंची दुप्पट केली की वजन दुप्पट नाही, भरीव वस्तूचं आठपट होतं, हे शाळेत शिकलो होतो पण पटलं आत्ता). माझा सगळं धरून ६४० ग्रॅम भरला, किचनच्या काट्यावर.

कुठून सुरुवात करू? डोकं आधी बनवू का?

नाही. नाही. नाही. प्रत्येक जण डोकं आधी बनवतो कारण डोकं मस्त दिसतं, फोटो काढता येतो, आणि मग ते डोकं दोन वर्षं टीव्हीच्या शेजारी धूळ खात पडतं. माझंही तसंच झालं होतं. आधी फक्त पाय आणि कंबर बनवा, त्यावर उरलेल्या अंगाच्या वजनाचं काहीतरी ठेवा (मी साखरेची पुडी दोऱ्याने बांधली होती) आणि ते जेव्हा न पडता हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल तेव्हाच वरचं काम हातात घ्या. पंधरा दिवस आमच्या घरात दोन पाय आणि एक साखरेची पुडी फिरत होती. बायको म्हणाली, ह्यालाच डोळे लाव आणि संपव एकदाचं.

चालतो म्हणजे नक्की कसा चालतो? पाय उचलतो का?

इथे जरा वेळ देऊन वाचा कारण सगळा खेळ हाच आहे.

दोन पद्धती आहेत. पहिली, पाय खरंच उचलायचा. एका आडव्या दांड्यावर दोन्ही टोकांना दोन चकत्या, पण भोक मधोमध नाही, थोडं बाजूला, आणि दोन्ही चकत्या एकमेकींच्या बरोब्बर उलट. दांडा फिरला की एक पाय वर-पुढे, दुसरा खाली-मागे. दिसायला झकास, पण एक पाय हवेत असताना सगळं अंग दुसऱ्या पायावर येतं आणि वजनाचा मध्य त्या पायाच्या तळव्याच्या बाहेर असेल तर रॉबी सरळ आडवा होतो. त्यावर उपाय म्हणजे तळवे आतल्या बाजूने इतके रुंद करायचे की ते मधल्या रेषेच्या पलीकडे जातील, आणि एकमेकांना धडकू नयेत म्हणून एकाचा खाचा दुसऱ्यात बसेल असे कापायचे. जमतं, पण रॉबीच्या गोल पावलांना ते फार विद्रूप दिसतं.

दुसरी पद्धत जुन्या जपानी पत्र्याच्या रोबॉटांमधली, आणि मी तीच वापरली. पाय जमिनीवरून उचलायचाच नाही. प्रत्येक तळव्याखाली असा रोलर लावायचा जो पुढे फिरतो पण मागे फिरत नाही. आतला क्रँक (म्हणजे तीच बाजूला भोक असलेली चकती) डावा पाय पुढे ढकलतो तेव्हा उजवा मागे सरकायला बघतो, पण त्याचा रोलर अडतो, जमीन धरून ठेवतो, म्हणून उजवा जागेवर राहतो आणि बाकीचं अंग पुढे जातं. पुढच्या अर्ध्या फेरीत उलट. दोन्ही पाय कायम जमिनीवर असल्यामुळे पडायची भीती खूप कमी.

हिशोब सोपा आहे: क्रँकचं भोक मध्यापासून ६ मिमी बाजूला असेल तर प्रत्येक पावलात अंग १२ मिमी पुढे जातं, एका फेरीत दोन पावलं, म्हणजे २४ मिमी. माझी मोटर मिनिटाला पन्नासच्या आसपास फेऱ्या मारते, म्हणजे कागदावर मिनिटाला सव्वा मीटरच्या जरा आत, पण प्रत्यक्षात रोलर थोडा घसरतोच, त्यामुळे जेमतेम एक मीटर धरा. आमचा हॉल पार करायला त्याला सहा मिनिटं लागतात. घाई असेल त्याने रिमोटची गाडी आणावी.

एकाच बाजूला फिरणारा रोलर मिळतो कुठे?

वन-वे बेअरिंग म्हणून मागा, एचएफ०६१२ हा नंबर, आतून ६ मिमी, बाहेरून १० मिमी, लांबी १२ मिमी. रिमोटच्या हेलिकॉप्टरवाल्यांकडे हमखास असतं, ऑनलाईनही मिळतं. मला पुण्यात तपकीर गल्लीत मोटर, वायर, स्विच सगळं मिळालं पण हे बेअरिंग नाही मिळालं, एका दुकानदाराने तर साधं बेअरिंग हातावर ठेवून “हे पण फिरतंय की” म्हणून सांगितलं. आतून ६ मिमीचा स्टीलचा दांडा, तोही कडक हवा, नरम दांड्यावर आतल्या सुया खड्डे पाडतात. बाहेरून रबर चढवायचं. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी फेव्हिबॉन्डने चिकटवली, अजून टिकून आहे.

बेअरिंगवर खर्च करायचा नसेल तर जुना देशी उपाय: दातेरी चाक आणि त्यावर टेकणारी प्लास्टिकची लवचिक पट्टी. आवाज टक-टक-टक येतो, आणि खरं सांगू, तो आवाज बेअरिंगच्या शांततेपेक्षा जास्त गोड लागतो.

माझा रोबॉट जागच्या जागी हलतो, पुढे जातच नाही. का?

बहुतेक फरशी. गुळगुळीत व्हिट्रिफाईड टाईलवर धूळ असेल तर रोलर पकड सोडतो, आधी फडकं मारून बघा. गालिच्यावर तर विसराच. शहाबादी फरशीवर मस्त चालतो पण सांध्यात अडखळतो.

फरशी ठीक असेल आणि तरीही जात नसेल तर बेअरिंग बघा, एक सुलट आणि एक उलट बसलं असेल. मी तर चारही उलटी बसवली होती. पहिल्यांदा स्विच दाबला, सगळे गोळा झालेले, भाच्याने मोबाईलवर शूटिंग लावलेलं, आणि रॉबी अत्यंत डौलात मागे मागे जायला लागला आणि सोफ्याखाली गेला. आई म्हणाली, “रुसलाय का रे हा?” आता मोटरच्या वायरी उलटवून काही होत नाही हे लक्षात घ्या, कारण क्रँक कुठूनही फिरला तरी दिशा रोलर ठरवतो. बेअरिंग काढूनच उलटं घालावं लागतं. म्हणून बसवण्याआधी प्रत्येकावर मार्करने बाण काढा.

मोटर कोणती घेऊ?

एन२० गिअर मोटर, ६ व्होल्टची, ६० आरपीएमवाली (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेऱ्या). अंगठ्याएवढी असते, कमरेत आडवी बसते. ती पिवळी बीओ मोटर स्वस्त आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टला सगळे तीच लावतात, पण तिच्या आकाराला रॉबीची कंबर पुरत नाही आणि गिअर प्लास्टिकचे. ३०० आरपीएमची घेऊन वेग कमी करू म्हणाल तर करू नका, जोर कमी पडतो आणि थोडा अडथळा आला की थांबून घूं घूं करत तापत बसते.

मोटर चालू-बंद करणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, लावणार असाल तर डीआरव्ही८८३३ घ्या. एल२९८एन सगळीकडे मिळतो, पण तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो आणि आपल्याकडे सेलचे मिळून आहेतच ४.८. त्याच्यामागे माझा एक रविवार वाया गेलाय.

सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) लावून खरा दोन पायांचा चालणारा का नाही केला?

करता येतो, बरेच जण करतात, पण ते वेगळं प्रकरण आहे. सर्व्हो, प्रोग्रॅम, तोल सांभाळणं, आणि शेवटी तो थरथरत चालतो. मला खेळणं हवं होतं, एक स्विच दाबला की चाललं पाहिजे.

सतत तोंडावर आपटतो. काय करू?

सेल कुठे ठेवलेत? पोटात? मग तेच.

पहिल्या वेळी मीही सेल पोटात ठेवले होते कारण पोट रिकामं होतं, झाकण करायला सोपं. वजनाचा मध्य जमिनीपासून १३ सेंटीमीटरवर आला. पावलाची लांबी ७ सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून पुढच्या टोकापर्यंत साडेतीन. असा रोबॉट १५ अंशांपलीकडे कलला की गेलाच. दर पावलाला पुढे-मागे झोका बसतो, फरशीचा सांधा आला की अजून, आणि एकदा तो जेवणाच्या टेबलावरून थेट खाली गेला, घुमटाचे दोन तुकडे. मग सगळं उघडलं, प्रत्येक पायात दोन-दोन पेन्सिल सेल उभे बसवले, तळव्यात लोखंडी वायसर एमसीलने चिकटवले आणि मध्य ८ सेंटीमीटरवर आणला. आता २३ अंशांपर्यंत टिकतो. नुसती वजनाची जागा बदलली, मोटर तीच, पाय तेच.

जपान्यांनी हे कधीच ओळखलं होतं, त्यांच्या बऱ्याच पत्र्याच्या रोबॉटांत ते जाडे सेल पायातच असायचे.

घरी तपासायचं असेल तर ३० सेंटीमीटरची फळी घ्या, त्यावर रॉबी उभा करा, चेहरा फळीच्या एका टोकाकडे, आणि मागचं टोक हळूहळू उचला. ८ सेंटीमीटरवर पडला तर अजून काम आहे, १२ पर्यंत टिकला तर खुशाल टेबलावर सोडा (म्हणजे सोडू नकाच, पण कळलं ना). फळीवर सँडपेपर लावा आणि पावलांपुढे बारीक पट्टी अडवा, नाहीतर पडायच्या आधी घसरेल किंवा रोलरवरून पुढे पळेल आणि तुम्हाला वाटेल पास झाला. तळव्यात शिसं मात्र घालू नका, घरात लहान मुलं असतात.

सेल कोणते? लिथियमचे चालतील?

चार्ज होणारे एए, चार. एकेक १.२ व्होल्ट म्हणजे ४.८. लिथियमचे १८६५० चालतील, हलके पडतात, पण आपल्याला इथे हलकं नकोच आहे, जड हवंय! शिवाय लहान मुलाच्या हातात जाणारी वस्तू, शॉर्ट झालं तर एए नुसता तापेल, लिथियम पेट घेऊ शकतो.

घुमट कसा बनवला?

तीन प्रयत्न. पहिला बडीशेपेच्या प्लास्टिकच्या बरणीचा, ठीकठाक, पण तळावर कंपनीचे आकडे उठलेले. दुसरा व्हॅक्यूम फॉर्मिंग: १ मिमीची पीईटीजी (पारदर्शक प्लास्टिक) शीट लाकडी चौकटीत आवळायची, ओटीजीमध्ये लोंबायला लागेपर्यंत तापवायची, आणि साच्यावर दाबून खालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढायची. माझा साचा थ्रीडी प्रिंटेड पीएलएचा (प्रिंटरमधल्या नेहमीच्या प्लास्टिकचा) होता. गरम शीट त्यावर टेकली आणि साचाच बसला, डोक्यावर कोणीतरी टपली मारल्यासारखा खड्डा. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. तिसऱ्या वेळी साचा पीओपीचा ओतला, दोन दिवस वाळवला, पॉलिश पेपर मारला, आणि काम झालं. सहा शीट गेल्या, सातवी जमली.

मजा म्हणजे मूळ रॉबीही असाच बनला होता, रॉयलाईट नावाचं प्लास्टिक तापवून, हवा ओढून, जे तेव्हा सुटकेस बनवायला वापरायचे. म्हणजे हॉलिवूडचा तो रोबॉट एका अर्थी चालती बॅगच. खर्च मात्र तेव्हाच्या सव्वा लाख डॉलरच्या घरात झाला असं सांगतात.

तोंडातला निळा दिवा?

मूळात निळ्या निऑनच्या नळ्या होत्या, बोलताना लुकलुकायच्या, आणि आतला माणूस त्याच नळ्यांच्या फटीतून बाहेर बघायचा. आपल्याकडे निळे एलईडी, प्रत्येकाला २२० ओहमचा रेझिस्टर, आणि पुढे दुधी प्लास्टिकच्या पट्ट्या म्हणजे ठिपके न दिसता नळी पेटल्यासारखी वाटते. दुधी पट्ट्या म्हणजे काय, आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापलंय.

बोलतो का?

बोलतो. डीएफप्लेअर मिनी (कार्डावरचा आवाज वाजवणारं छोटं सर्किट), मेमरी कार्ड, छोटा स्पीकर, आणि एक अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम टाकता येणारी छोटी पाटी) जी आवाज वाचून एलईडीचा उजेड कमी-जास्त करते. सिनेमातले संवाद टाकू नका म्हणेन, दुसऱ्याचा माल. सिनेमात तो सांगतो की मला इंग्रजी सोडून आणखी १८७ भाषा येतात, हे ऐकल्यावर भाच्याने लगेच विचारलं, “मामा, मग मराठी येत असेल ना ह्याला?” त्यामुळे आमचा रॉबी मराठीच बोलतो. आवाज माझा, तोंडासमोर स्टीलचा डबा धरून रेकॉर्ड केलेला. “बाजूला व्हा, मी येतोय” हे त्याचं सगळ्यात लाडकं वाक्य, एक मीटर प्रति मिनिट वेगाने म्हटलेलं.

मोटर सुरू झाली की आवाज बंद पडून पहिल्यापासून सुरू होतो.

मोटर सुरू होताना एकदम करंट ओढते, व्होल्टेज खाली जातं, नॅनो रीसेट होते. मोटरच्या दोन टोकांवर १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा लावा. तेवढ्याने नाही भागलं तर आवाजाचे सेल वेगळे करा, मी शेवटी तेच केलं.

रंगाचं काय?

काळपट राखाडी, चकचकीत नाही आणि अगदी मॅटही नाही. अंगाचे भाग थ्रीडी प्रिंट केलेले, त्यांवरच्या रेघा घालवायला गाडीच्या डेंटिंगवाल्यांकडची एनसी पुट्टी, मग २२०, ४००, ८०० नंबरचा पेपर, मग सरफेसर (रंगाखालचा थर), मग स्प्रे. ह्यात शॉर्टकट नाही, पायाचे गोळे घासून घासून माझी बोटं गुळगुळीत झाली, ऑफिसचं थंब मशीन दोन दिवस घेईना. पावसाळ्यात स्प्रे मारू नका, दमट हवेत रंगावर पांढरट धुरकट थर येतो. आणि पीएलएचा रॉबी उन्हाळ्यात गाडीत ठेवून जाऊ नका, परत याल तेव्हा तो बसलेला असेल.

एकूण खर्च आणि वेळ?

माझा थ्रीडी प्रिंटर धरला नाही तर साडेतीन हजारांच्या आसपास, त्यात फुटलेले घुमट आणि जळालेला एक डीएफप्लेअर आला. वेळ साडेचार महिने, रविवार आणि रात्री. ज्याला एवढा नाद करायचा नाही त्याने विकतचं खेळणं घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही. पन्नासच्या दशकातले जपानी पत्र्याचे मिळाले तर काय बोलायलाच नको, पण संग्राहक त्यांच्या किमती ऐकूनच आपल्याला घाम फोडतात. आणि मूळ रॉबी हवा असेल तर तो २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला बॉनहॅम्सच्या लिलावात त्याच्या जीपसकट ५३ लाख ७५ हजार डॉलरला गेला, जरा उशीर झाला तुम्हाला.

मला एक बनवून द्याल का? पैसे देतो.

नाही हो. एक तर रॉबीचे हक्क स्टुडिओकडे आहेत, घरच्यासाठी एक बनवणं वेगळं आणि दुकान मांडणं वेगळं. दुसरं म्हणजे ते गोळे परत घासायची माझी हिंमत नाही. पण पायांची मापं, क्रँकचं ड्रॉइंग आणि बेअरिंग कुठल्या बाजूने बसवायचं त्याचा फोटो हवा असेल तर घरी या, वहीत सगळं आहे. येताना शनिवार संध्याकाळ टाळा, तेव्हा भाचा येतो आणि रॉबी त्याच्याकडे असतो.